चेहऱ्यात करंट लागल्यासारखी कळ येते: ट्रायजेमिनल न्यूराल्जियाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आईला हे दुखणं सुरू झालं तेव्हा ती ६१ वर्षांची होती. आजाराचं नाव कळेपर्यंत दीड वर्ष गेलं आणि तेवढ्यात तिच्या दोन चांगल्या दाढा गेल्या. मी डॉक्टर नाहीये, पण नऊ वर्षं हे दुखणं घरात बघितलंय, गोळ्या, एमआरआय, ऑपरेशन सगळं झालंय, आणि आता ओळखीचे, त्यांच्या ओळखीचे असे कितीतरी लोक फोन करून तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय. डोस किती आणि ऑपरेशन करायचं की नाही हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं एवढं तरी यातून कळेल.

हा आजार म्हणजे नक्की काय?

आपल्या चेहऱ्याला स्पर्श, गरम-थंड, दुखणं हे सगळं कळतं ते एका मोठ्या नसेमुळे, तिचं नाव ट्रायजेमिनल नस. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी ही पाचवी, एक डावीकडे एक उजवीकडे. पुढे तिच्या तीन फांद्या होतात: एक कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी गाल, वरचा ओठ, वरचे दात, नाकाच्या बाजूला, तिसरी खालचा जबडा, खालचे दात, हनुवटी. ही नस चिडली की तिच्या वाटेवर कुठेही अचानक जीवघेणी कळ येते, त्याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. डॉक्टर लोक बोलताना नुसतं टीएन म्हणतात. बहुतेकांना दुसऱ्या आणि तिसऱ्या फांदीत, म्हणजे गाल आणि जबड्यात होतं, आणि डाव्यापेक्षा उजव्या बाजूला जास्त बघायला मिळतं.

दुखतं कसं? साधी दातदुखी नाहीये हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आई सांगायची, "उघड्या वायरला हात लागावा तसं होतं गं." कुणी म्हणतं सुरी फिरवली, कुणी म्हणतं तापलेली सळई टोचली. कळ एकदम येते, सेकंदभर किंवा फार तर दोन मिनिटं टिकते आणि एकदम जाते, पण थोड्या वेळाने परत, असं दिवसात पन्नास वेळासुद्धा होऊ शकतं. दोन कळांच्या मधे माणूस अगदी ठीक असतो, फक्त पुढची कधी येईल या धास्तीने चेहरा न हलवता बसलेला असतो.

दुसरी खूण म्हणजे कळ अगदी क्षुल्लक गोष्टीने सुटते. दात घासणं, तोंड धुणं, घास चावणं, बोलणं, दाढी करणं, पावडर लावणं, बाइकवर तोंडावर वारं लागणं, पंख्याची झुळूक. आईला नाकपुडीच्या बाजूला एवढुशी जागा होती, तिथे पदर घासला तरी कळ यायची, लग्नाकार्यात नथ घालणं तिने कायमचं बंद केलं. जोरात दाबलं तर काही नाही आणि हलकासा स्पर्श झाला की जीव जातो, हे ऐकणाऱ्याला पटत नाही, पण या आजारात हे असंच असतं.

तिसरं, दुखणं एकाच बाजूला असतं, नाकाच्या मधोमध जणू रेघ मारलीय. आणि बहुतेकांना झोपेत फारसा त्रास होत नाही.

दातदुखी अशी नसते. दात किडला असेल तर ठणका लागतो, तासन्‌तास राहतो, रात्री वाढतो, गरम-थंडाने कळ आली तरी मागे दुखरेपणा उरतो, साध्या पेनकिलरने थोडं तरी कमी होतं. दाताला चीर गेली असेल तर मात्र चावताना सणक येते आणि गोंधळ होऊ शकतो, तेव्हा दात एकदा नीट तपासून एक्सरे काढून घ्याच, मी दाताच्या डॉक्टरांकडे जाऊ नका असं अजिबात म्हणत नाहीये.

मग दाढ काढायची की नाही?

एक्सरेत, तपासणीत काही सापडलं नसेल तर नाही. प्लीज नाही. आईची पहिली दाढ "हिच्याच मुळाशी काहीतरी असेल" म्हणून काढली, आठ-दहा दिवस बरं वाटलं (हा आजार मधेमधे आपोआप थांबतो, त्याचं श्रेय दाढ काढण्याला गेलं), मग परत सुरू झालं तर शेजारची काढली. तिसऱ्या दाढेचं रूट कॅनल ठरलं होतं तेव्हा मावशीच्या ओळखीतल्या एका बाईंनी नुसतं वर्णन ऐकून सांगितलं की आधी न्यूरोलॉजिस्टला दाखवा. त्या बाईंचे उपकार आम्ही विसरणार नाही. गेलेल्या दाढा काही परत आल्या नाहीत, आणि त्या बाजूने चावता येत नाही हा त्रास वेगळाच.

म्हणून दाताच्या डॉक्टरांना हे तीन प्रश्न स्पष्ट विचारा: एक्सरेत नक्की काय दिसतंय, हे नसेचं दुखणं असू शकतं का, आणि थांबलं तर काय बिघडेल.

चेहऱ्याची नस म्हणजे तोंड वाकडं होतं तीच ना?

नाही, ती वेगळी. तोंड वाकडं होतं, डोळा मिटत नाही, पाणी प्यायला गेलं की एका बाजूने ओघळतं, तो बेल्स पाल्सी, आणि तो सातव्या नसेचा आजार. सातवी नस चेहरा हलवते, पाचवी नस चेहऱ्याला जाणीव देते. टीएनमध्ये तोंड वाकडं होत नाही. कळ आली की माणूस त्या बाजूचा चेहरा आक्रसून घेतो एवढंच, आणि म्हणूनच १७५६ मध्ये निकोलस आंद्रे नावाच्या फ्रेंच सर्जनने याला टिक डुलुरो असं नाव दिलं होतं, म्हणजे वेदनेने चेहऱ्याला बसणारा झटका. अचानक तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, हातापायातली ताकद गेली तर तो अर्धांगवायूचा झटका असू शकतो, तिथे वाट न बघता १०८ ला फोन करायचा.

हे होतं कशामुळे? वारं लागलं, थंड पाणी प्यायलं म्हणून?

वाऱ्याने कळ सुटते, आजार वाऱ्याने होत नाही. गावाकडे सगळे आईला म्हणायचे की एसटीत खिडकीत बसलीस, वारं गेलं. तसं नाहीये ते.

बहुतेक लोकांमध्ये मेंदूच्या बुंध्याजवळ, जिथे ही नस बाहेर पडते तिथेच, एखादी रक्तवाहिनी नसेला टेकलेली किंवा दाबत असलेली असते. वय वाढेल तशा रक्तवाहिन्या लांबट, वेड्यावाकड्या होतात, मग प्रत्येक ठोक्याला ती नसेवर आपटत राहते. नसेवर वायरच्या प्लास्टिकसारखं एक आवरण असतं, ते तिथे झिजतं, आणि मग साध्या स्पर्शाचा निरोप शेजारच्या दुखण्याच्या तारेत शिरतो. शॉर्टसर्किटच म्हणा ना. आईची उघड्या वायरची उपमा किती बरोबर होती हे मला डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं तेव्हा कळलं.

थोड्या लोकांमध्ये, साधारण १५ टक्क्यांपर्यंत, मागे दुसरं कारण सापडतं, म्हणजे नसेजवळची गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार, ज्यात मेंदू आणि मणक्यातल्या नसांचं आवरणच खराब होत जातं. आणि काही जणांमध्ये काहीच सापडत नाही.

कुणाला होतो?

जास्त करून पन्नाशीनंतर, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. तरुणांना होत नाही असं नाही, पण चाळिशीच्या आत झाला, किंवा दोन्ही बाजूंना झाला, किंवा चेहऱ्याचा भाग बधीर वाटतोय, एका कानाने कमी ऐकू येतंय, तर गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस नाही ना हे आवर्जून बघावं लागतं. संसर्गाने पसरत नाही. आणि आईला झाला म्हणून मला होणार असंही नाही, घराण्यात चालत आलेली उदाहरणं फार थोडी.

सलमान खानला झाला होता तोच का हा?

हो तोच. त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलंय, २०११ मध्ये अमेरिकेत जाऊन उपचार घेतले. त्यानंतर आपल्याकडे या आजाराचं नाव लोकांच्या कानावर पडलं हे मात्र खरं.

कुठल्या डॉक्टरकडे जायचं आणि कुठल्या टेस्ट लागतात?

न्यूरोलॉजिस्टकडे. रक्ताची अशी कुठलीही टेस्ट नाहीये जी सांगेल की तुम्हाला टीएन आहे, निदान होतं ते तुम्ही काय सांगता त्यावरून. म्हणून जायच्या आधी आठवडाभर वहीत लिहून ठेवा: कळ कुठे सुरू होते कुठे जाते, किती सेकंद, दिवसात किती वेळा, कशाने सुटते. आईला डॉक्टरांसमोर बोलतानाच कळ आली, तोंडावर हात धरून ती नुसती बसून राहिली, डॉक्टरांना अर्धं निदान तिथेच झालं.

मग मेंदूचा एमआरआय करतात, मुख्यतः गाठ आणि मल्टिपल स्क्लेरोसिस नाही ना हे बघायला, आणि रक्तवाहिनी नसेला कुठे दाबतेय ते बघायला. साधा एमआरआय केला तर हे शेवटचं नीट दिसत नाही, नसा बारीक कापात दाखवणारा खास प्रकार असतो, त्याला फिएस्टा किंवा सीआयएसएस म्हणतात. चिठ्ठीवर तसं लिहून घ्या नाहीतर दुसऱ्यांदा पैसे भरावे लागतात. आमचं तेच झालं.

एमआरआय नॉर्मल आला, म्हणजे हे मनाचं दुखणं आहे का?

नाही हो. नॉर्मल एमआरआय असूनही टीएन असू शकतो. आणि उलटंही खरं आहे, काहीही दुखत नसलेल्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्ये रक्तवाहिनी नसेला टेकलेली दिसते. म्हणून रिपोर्टपेक्षा तुमचं वर्णन मोठं. सुनेला, सासूला, बायकोला "सोंग करते" म्हणणाऱ्यांना तर हात जोडून सांगते की दोन कळांमधे माणूस ठणठणीत दिसतो हाच या आजाराचा स्वभाव आहे.

दुसरे कुठले आजार असे वाटू शकतात?

बरेच. नागीण होऊन गेल्यावर राहणारं दुखणं सतत जळजळतं, बहुधा कपाळाच्या बाजूला असतं, आधी फोड आलेले असतात. सायनसचं दुखणं जड असतं, वाकलं की वाढतं. जबड्याच्या सांध्याचं दुखणं कानापुढे असतं, तोंड उघडताना कटकट आवाज येतो. क्लस्टर डोकेदुखीत डोळा लाल होऊन पाणी येतं आणि दुखणं पाऊण तास, तास चालतं. गिळताना घशात आणि कानात तशीच करंटसारखी कळ येत असेल तर ती नववी नस.

एक मात्र लक्षात ठेवाच. पन्नाशीच्या पुढचं माणूस, कानशील दुखरं, चावून चावून जबडा भरून येतोय, बारीक ताप, आणि नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डोक्याच्या रक्तवाहिनीला सूज येण्याचा तो आजार असू शकतो आणि त्यात डोळा जाऊ शकतो.

क्रोसिन, कॉम्बिफ्लाम घेऊन काहीच फरक का पडत नाही?

कारण त्या गोळ्या सुजेच्या, ठणक्याच्या दुखण्यावर चालतात. इथे नसेतून चुकीचा करंट धावतोय, तो थांबवायला वेगळी गोळी लागते. कळ दोन मिनिटांत आपोआप जाते, पेनकिलर पोटात विरघळायलाच अर्धा तास, तेव्हा "गोळी घेतली आणि थांबलं" असं वाटतं ते बऱ्याचदा योगायोगाने. दिवसाला चार-पाच पेनकिलर घेत राहिलात तर किडनी आणि जठराचं नुकसान मात्र होऊ शकतं.

डॉक्टरांनी फिटची गोळी दिलीय. मला फिट येत नाहीत, मग का?

सगळ्यांना हा धक्का बसतो. केमिस्टने आईला विचारलं, "काकू, फिट कधीपासून येतायत?" आणि घरी येऊन तिने गोळ्या कपाटात ठेवून दिल्या. आठवडा वाया गेला.

गोळीचं नाव कार्बामाझेपिन. नसांमधला अतिरेकी करंट शांत करणं हे तिचं काम, फिटमध्ये मेंदूत तेच करते, इथे चेहऱ्याच्या नसेत. १९६२ मध्ये ब्लोम नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी या दुखण्यावर तिचा उपयोग दाखवला आणि आजही जगभर पहिली गोळी हीच देतात. टेग्रिटॉल, मॅझेटॉल, झेप्टॉल अशा नावांनी मिळते. बहुतेकांना सुरुवातीला चांगलाच फरक पडतो, इतका की डॉक्टर त्यालाच निदानाचा पुरावा मानतात.

सुरुवात कमी डोसने, बहुधा १०० मिलिग्रॅम दिवसातून एक-दोनदा, मग दर काही दिवसांनी हळूहळू वाढवत जातात, अनेकांचं ६०० ते १२०० मिलिग्रॅम रोज इथे कुठेतरी जमतं. पहिल्याच दिवशी फरक नाही म्हणून स्वतःहून तीन गोळ्या घेऊ नका, गरगरून पडाल. आणि तीन-चार आठवड्यांनी परत दुखायला लागलं तर घाबरू नका, ही गोळी शरीराला स्वतःलाच लवकर जाळायला शिकवते, मग डोस थोडा वाढवावा लागतो, डॉक्टरांना हे माहीत असतं. ब्रँड शक्यतो बदलू नका. जेवणानंतर घ्या. एकादशी, चतुर्थी, नवरात्र, काहीही असो, उपवासाला गोळी चुकवायची नाही, फराळ करून घ्यायची.

साइड इफेक्ट काय होतात?

झोप, गरगरणं, तोल जाणं, दोन-दोन दिसणं, मळमळ. सुरुवातीला बऱ्याच जणांना होतं, बऱ्याच जणांचं कमी होतं. रात्री बाथरूमला जाताना लाइट लावून भिंत धरून जायचं, आणि डोस नवीन असताना गाडी चालवायची नाही.

दोन गोष्टी मात्र गंभीर आहेत.

पहिली, अंगावर पुरळ. सुरू केल्यापासून पहिल्या दोन महिन्यांत पुरळ, ताप, तोंड किंवा डोळे आतून सोलल्यासारखे होणं, यातलं काहीही झालं तर थेट हॉस्पिटलमध्ये जायचं, गोळी तिथेच थांबते. स्टीव्हन्स जॉन्सन सिंड्रोम नावाचा हा प्रकार दुर्मिळ आहे पण जिवावर बेतू शकतो. आशियाई लोकांत काहींच्या अंगात एचएलए-बी १५०२ नावाचं जनुक असतं आणि त्यांना हा धोका जास्त असतो, रक्ताची टेस्ट होते, गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

दुसरी, सोडियम कमी होणं. हे आमच्या घरात झालंय. आई दुपारी विचारायला लागली की आज शाळेला सुट्टी आहे का, बाबांना वाटलं वय झालं, विसरायला लागली. दुसऱ्या दिवशी तिला उभं राहता येईना. रक्त तपासलं तर सोडियम १२१, असायला हवं १३५ ते १४५. कार्बामाझेपिन चालू होतीच, त्यात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळीही चालू होती, दोन्ही मिळून सोडियम खाली गेलं, आणि दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या कुणी शेजारी ठेवून बघितल्याच नव्हत्या. आम्हीसुद्धा नाही. तेव्हापासून सगळ्या गोळ्यांची एकच यादी तिच्या पर्समध्ये असते. सुरू करण्याआधी आणि नंतर मधूनमधून सोडियम, रक्तपेशी आणि लिव्हरची टेस्ट करून घ्या.

शिवाय ही गोळी बाकी गोळ्यांशी भांडते. रक्त पातळ करायची वॉरफेरिन आणि गर्भनिरोधक गोळी यांचा असर ती कमी करते. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक घेतलं तर उलट तिचंच प्रमाण वाढतं. ग्रेपफ्रूटच्या रसानेही वाढतं, आणि पपनस त्याच्याच जवळचं फळ म्हणून आम्ही घरात तेही बंद केलं.

ही गोळी चालली नाही तर?

ऑक्सकार्बाझेपिन आहे, ती जरा सौम्य, इतर गोळ्यांशी कमी भांडते, पण सोडियम कमी करण्यात एक पाऊल पुढेच. त्याशिवाय बॅक्लोफेन, लॅमोट्रिजिन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन यातलं काही जोडीला किंवा बदली म्हणून देतात. बोटॉक्सची इंजेक्शनंही काहींना उपयोगी पडतात.

आयुष्यभर घ्यायची का? बरं वाटलं की बंद केली तर?

सुरुवातीच्या वर्षांत हा आजार मधेच महिनोन्‌महिने, कधी वर्षभरसुद्धा गायब होतो. अशा वेळी डॉक्टर हळूहळू कमी करून बंद करतात. हळूहळू. एका दिवसात बंद केली तर दुखणं दुप्पट जोराने उसळू शकतं, आणि फिट नसलेल्या माणसालाही अचानक बंद करणं बरं नाही. गावाला जाताना गोळ्या विसरल्या हे कारण आमच्याकडे एकदा घडलंय, गणपतीत, कोकणात, सगळा दिवस मेडिकल शोधण्यात गेला. आता दोन बॅगांत दोन पाकिटं असतात.

घरात काय काळजी घ्यायची?

दात घासायला कोमट पाणी आणि अगदी मऊ ब्रश, आणि गोळी घेतल्यावर तास-दीड तासाने, तिचा जोर असतो तेव्हा. दात घासणं सोडू नका, दात खरंच किडले तर दुहेरी दुखणं. जेवण कोमट आणि मऊ: पेज, गुरगुट्या भात, खिमट, भिजवलेली भाकरी आमटीत कुस्करून. वाईट दिवसांत आई स्ट्रॉने ताक आणि पातळ खिमट प्यायची. बाहेर पडताना मऊ सुती स्कार्फ, हेल्मेटची काच खाली, गाडीत एसीचा झोत तोंडावर नको. तोंड धुण्याऐवजी ओला रुमाल चेहऱ्यावर नुसता टेकवायचा, चोळायचं नाही.

घरच्यांसाठी: कळ आली की "काय झालं, काय झालं" विचारू नका, बोलायला लावलं की ती वाढते. आम्ही ठरवलं होतं की तिने हात वर केला की सगळ्यांनी थांबायचं. नातवाला सुद्धा शिकवलं की आजीचा पापा दुखत नसलेल्या गालावर.

आयुर्वेद, मालिश, लवंग, शेक याने बरं होतं का?

सुश्रुतसंहितेत अनंतवात नावाचा शिरोरोग आहे, डोळा, भुवई, कानशिलात तीव्र वेदना, गालाला कंप, जबडा धरणं असं वर्णन आहे, आणि अनेक वैद्य तो याच आजाराशी जोडतात. म्हणजे दुखणं आपल्याकडे जुनं ओळखीचं आहे. वैद्यांकडे जायचं तर जा, पण चालू गोळी परस्पर बंद करून नाही, आणि काढा, भस्म काय घेताय ते न्यूरोलॉजिस्टना सांगा. लवंगेचं तेल दातासाठी ठीक, इथे उपयोग नाही. गालाला जोरात मालिश, गरम शेक याने उलट कळ सुटू शकते. डाग देणारे अजून भेटतात, त्यांच्याकडे कृपा करून जाऊ नका.

ऑपरेशनचा विचार कधी करायचा?

गोळ्यांनी भागत नसेल, किंवा भागतंय पण गोळ्यांनी माणूस दिवसभर झोपेत आहे, सोडियम सारखं घसरतंय, तेव्हा. आमची चूक ही झाली की "ऑपरेशन अगदी शेवटी" असं धरून चार वर्षं काढली. निदान झाल्यावर लवकरच एकदा न्यूरोसर्जनचं मत घेऊन ठेवा, लगेच करायचं नसलं तरी, कारण वय आणि बाकीचे आजार वाढत गेले की पर्याय कमी होतात.

ऑपरेशन कुठलं असतं? डोकं उघडतात का?

मुख्य ऑपरेशन मायक्रोव्हॅस्क्युलर डीकम्प्रेशन, एमव्हीडी. हो, डोकं उघडतात, पण कानाच्या मागे, लहानसं छिद्र करून. मायक्रोस्कोपखाली नस शोधतात, तिला दाबणारी रक्तवाहिनी हलकेच बाजूला करतात आणि मधे टेफ्लॉनचा छोटासा बोळा ठेवतात. नस कापत नाहीत, जाळत नाहीत, नुसती मोकळी करतात. रक्तवाहिनी नसेला दाबते हे वॉल्टर डँडी या अमेरिकन सर्जनने १९३० च्या दशकातच लिहिलं होतं, पण मायक्रोस्कोप आल्यावर पीटर जॅनेटा यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी हे ऑपरेशन मार्गी लावलं, तेव्हाही बरीच वर्षं त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं.

सगळ्यात जास्त टिकणारा आराम याचाच. जॅनेटा यांच्या टीमने १९९६ मध्ये हजाराहून जास्त पेशंटचा आढावा छापला, त्यात दहा वर्षांनंतरही साधारण ७० टक्के लोक गोळीशिवाय वेदनामुक्त होते. धोके आहेत: त्या कानाने ऐकू कमी येणं, चेहरा बधीर होणं, मेंदूभोवतीचं पाणी जखमेतून झिरपणं, क्वचित अर्धांगवायू, आणि अगदी क्वचित मृत्यू. अनुभवी हातात हे कमी असतं, म्हणून सर्जनना सरळ विचारा, तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता. प्रश्न उद्धट नाहीये, चांगले डॉक्टर शांतपणे उत्तर देतात.

आई ६७ व्या वर्षी झाली तयार. भूल उतरल्यावर तिने गालाला हात लावला, मग नाकपुडीला, मग जोरात चोळलं. आणि पाणी मागितलं, थंड.

डोकं न उघडता होणारे उपाय?

गालातून सुई घालून कवटीच्या तळाच्या एका नैसर्गिक छिद्रातून नसेपर्यंत पोहोचतात आणि तिथे नसेचा भाग तापवतात, किंवा ग्लिसरॉल सोडतात, किंवा छोटा फुगा फुगवून मिनिटभर दाबतात. आराम लगेच मिळतो, वयस्कर किंवा हार्ट पेशंटना हे झेपतं. पण इथे नसेला मुद्दाम थोडी इजा करतात, त्यामुळे चेहरा थोडाफार बधीर होतो आणि काही वर्षांनी दुखणं परत येऊ शकतं, परत करता येतं. कपाळ-डोळ्याची फांदी बधीर झाली तर डोळ्यात कचरा गेलेला कळत नाही, तिथे जपावं लागतं.

गॅमा नाइफ म्हणजे चाकू नाही, बारीक किरणांचा मारा. लार्स लेक्सेल या स्वीडिश न्यूरोसर्जननी १९५१ मध्ये या आजारावरच तो विचार पहिल्यांदा वापरून बघितला. एका दिवसाचं काम, टाके नाहीत, पण आराम यायला काही आठवडे ते काही महिने लागतात, तोपर्यंत गोळ्या चालू. आज करून उद्या जेवता येईल या आशेने जाऊ नका.

खर्च कसा भागवायचा?

कार्बामाझेपिन महाग नाही, जनऔषधीत बघा. ऑपरेशनचा आकडा शहरागणिक, हॉस्पिटलगणिक इतका बदलतो की मी लिहून उपयोग नाही. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे आणि गोव्यात बांबोळीचं जीएमसी इथे न्यूरोसर्जरी विभाग आहेत. महात्मा फुले योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का हे त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, मेडिक्लेम असेल तर आगाऊ मंजुरी घ्या.

इंटरनेटवर याला सुसाइड डिसीज म्हणतात. भीती वाटतेय.

ते नाव उपचार नव्हते त्या काळातलं, असं सांगतात. मला ते नाव आवडत नाही कारण घाबरलेला माणूस रात्री दोन वाजता तेच वाचतो. पण एवढं दुखल्यावर "नको हा जीव" असं मनात येणं खरं आहे, आईच्याही आलं होतं आणि तिने ते मला खूप नंतर सांगितलं. तसं वाटलं तर घरात कुणाला तरी त्याच वेळी सांगा, डॉक्टरांना सांगा, आणि टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीतही बोलतात, दिवसरात्र, फुकट.

गरोदर असेन किंवा मूल हवं असेल तर?

आधीच डॉक्टरांशी बोला. कार्बामाझेपिनने बाळाच्या मणक्यात दोष राहण्याचा धोका थोडा वाढतो, फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून घ्यावं लागतं, गोळी बदलायची का तेही ठरवावं लागतं. घाबरून स्वतःहून बंद करू नका.

कळा थांबतच नाहीयेत, पाणीसुद्धा पिता येत नाहीये. काय करू?

हॉस्पिटलमध्ये जा, घरी सोसत बसू नका. खाणंपिणं बंद झालं की गोळीही पोटात जात नाही आणि मग चक्र सुरू होतं. तिथे सलाइन लावतात, शिरेतून फॉसफेनिटॉइन किंवा लिडोकेनसारखं औषध देऊन लाट खाली आणतात.

ऑपरेशननंतर परत आलं तर?

येऊ शकतं. आईला अडीच वर्षं काहीच नव्हतं, मागच्या हिवाळ्यात वरच्या ओठाजवळ चमक सुरू झाली. तिने त्याच दिवशी सांगितलं, यावेळी लपवलं नाही. डॉक्टरांनी परत एमआरआय केला, नवीन काही दिसलं नाही, आणि १०० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ सुरू केली, तेवढ्यावर थांबलंय. दर महिन्याला सोडियम बघतो, मागच्या वेळी १३७ होतं.